सुनेच्या लॅपटॉपला नेट लागेना

“सगळ्यांच्या फोनला नेट लागतंय, मग माझ्याच लॅपटॉपला का लागेना?”

आदितीने पुन्हा एकदा राउटरचं बटण बंद केलं, क्षणभर थांबली आणि चालू केलं. हिरवे दिवे एकामागून एक लागले. ती धावत आतल्या खोलीत गेली. लॅपटॉपच्या पडद्यावर तेच वाक्य होतं, ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही.’ साडेपाच वाजत आले होते. तिची बैठक सुरू व्हायची वेळ झाली होती.

अशी अडचण आपल्यापैकी कुणाच्या घरी आली नाही? आपण राउटर बंद-चालू करतो, पासवर्ड पुन्हा घालतो, नेटवाल्याला फोन करून दोन शब्द सुनावतो. आदितीही तेच करत होती. त्या लॅपटॉपला नेट का लागत नाही हे घरात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, एवढंच तिला माहीत नव्हतं. ते माणूस बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, पेपर उघडून बसलं होतं. तिचे सासरे, पार्श्वनाथ मगदूम.

कोल्हापुरात टाकाळ्याजवळच्या त्या गल्लीत त्यांना सगळे अप्पा म्हणत. शाहूपुरीत त्यांचं शेतीच्या पंपांचं दुकान. आता ते मुलगा अनेकांत बघत होता. अप्पा सरळ माणूस होते. मापात पाप नाही, कुणाला खोटा शब्द नाही. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन दर्शन, आणि जैन घरातल्या रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवण. दुकानात असतानाही संध्याकाळ होत आली की ते समोरचं गिऱ्हाईक सोडून घरी निघत. शिरोळकडचे शेतकरी हसून म्हणत, “पाचच्या पुढं अप्पा कुणालाच गावत न्हाईत.” घरी पद्मावती, त्यांची बायको, पान मांडून वाट बघत असे. उभ्या आयुष्यात त्या पानाला कधी उशीर झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी पद्मावती गेली. शेवटचं वर्षभर ती अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं आदितीने केलं होतं. लग्न झाल्यावर पुण्याची चांगली नोकरी सोडून आलेली ही मुलगी. सासूला उठवणं, बसवणं, भरवणं तिने कपाळावर आठी न घालता केलं. अप्पांना ते दिसत होतं. सुनेचं त्यांना कौतुकही होतं.

सासू गेल्यानंतर दीडेक वर्षाने आदितीला घरून करायचं काम मिळालं. पुण्यातली एक कंपनी विलायतेतल्या दवाखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्राम बनवत असे. ते बरोबर चालतात का, हे आदिती तपासायची. एखादी चूक राहिली तर भलत्याच रोग्याला भलतंच औषध जाईल, असं ते जोखमीचं काम. सुरुवातीला तात्पुरतं, नवीन वर्षात कायम होणार होतं. तिच्या वरिष्ठ मधुवंती मॅडम तिच्यावर खूश होत्या.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. तिची विलायतेतल्या लोकांबरोबरची रोजची बैठक साडेचारला असे. ती संपवून आदिती ओट्याशी यायची, भाकरी करायची आणि सासरा-सून दोघं मिळून जेवायचे. अनेकांत दुकानातच डबा खायचा. जेवताना अप्पा तिला दुकानातले जुने किस्से सांगायचे. पद्मावती गेल्यापासून दिवसभरात त्यांना घर घरासारखं वाटायचं ते तेवढ्याच वेळात.

दिवाळी झाली आणि बैठकीची वेळ साडेपाच झाली. आदितीने सासऱ्यांना सांगितलं, “मामा, आमची बैठक तासभर पुढं गेलीय. मी तुमचं पान वाढून ठेवत जाईन.” इकडच्या रीतीने ती सासऱ्यांना मामा म्हणायची. अप्पा नुसतं “बरं” म्हणाले. वेळ का बदलली, किती दिवस असं चालणार, हे काही त्यांनी विचारलं नाही.

त्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात एकटे जेवू लागले. भाकरी गरम असायची, आमटी झाकलेली असायची, पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. समोर माणूस मात्र नसायचं. आतल्या खोलीतून आदितीचं इंग्रजी बोलणं ऐकू यायचं, मधेच कुणाच्या तरी विनोदावर ती हसायची. ते ऐकून अप्पांना वाटायचं, आपल्या घरात पानापाशी बसायला माणूस नाही आणि ही तिकडे परक्यांशी हसतेय. दिवस बुडून जातो, मग ही कधीतरी मागून जेवत असणार. घराची रीत मोडली हिनं.

मनातला हा सल त्यांनी बोलून दाखवला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण ते बोलले नाहीत.

याच सुमारास जुना राउटर बदलून नवा बसवायला नेटवाल्यांचा आदर्श नावाचा माणूस आला. आदिती तेव्हा बाजारात गेली होती. राउटर भिंतीला लावता लावता आदर्श म्हणाला, “अप्पा, ह्यात एक नवीन सोय हाय बघा. घरात बारकी पोरं असली की सारखी नेटवर बसत्यात. तर एकेका मशीनचं नेट ठरलेल्या वेळेला बंद ठेवता येतंय.”

अप्पांनी पेपर खाली ठेवला. “एकाच मशीनचं?”

“एकाच. बाकीच्यांचं चालू ऱ्हातंय.”

“संध्याकाळी पाच ते सात असं करता येईल?”

“येतंय की!” आदर्शने आपल्या फोनवर घरातल्या मशीनांची नावं काढली. “कुठलं बंद करू? हे ‘आदिती’ लिहिलंय ते व्हय? नात काय तुमची?”

अप्पा थोडे अडखळले. मग म्हणाले, “व्हय.”

जन्मभर मापात पाप न केलेला माणूस त्या क्षणी खोटं बोलला. मनाची समजूत त्यांनी लगेच घातली. दोनच तासांचा तर प्रश्न आहे. बाकी दिवसभर करू दे की काम. नेट नसेल तर दोन दिवस चिडेल, मग आपोआप बाहेर येऊन पानावर बसेल.

पण तसं झालं नाही. आदिती बाहेर आली खरी, पण राउटरपाशी. तिने तो बंद-चालू केला. लॅपटॉपमधून घरचं नेटवर्क काढून टाकलं आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडून बघितलं. लॅपटॉप उचलून सोप्यात आणला, अगदी राउटरखाली धरला. काही होईना. कंपनीची बैठक लॅपटॉपवरूनच उघडायची, म्हणून शेवटी तिने मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप जोडला. पण त्या गल्लीत मोबाईलला रेंज म्हणजे गच्चीवरच्या एका कोपऱ्यातच. ती पाण्याच्या टाकीजवळ उलट्या बादलीवर बसली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बैठकीला हजर झाली. आवाज तुटत होता, चित्र थिजत होतं. “आदिती, तुझं काहीच ऐकू येत नाही,” असं पलीकडून कुणीतरी म्हणत राहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्याही.

अनेकांत एक दिवस दुकान लवकर बंद करून आला. नवरा-बायकोने मिळून सगळं तपासलं. त्याचा फोन चालत होता, अप्पांचा फोन चालत होता, टीव्हीसुद्धा चालत होता. “म्हणजे खोट तुझ्या लॅपटॉपमध्येच हाय,” तो म्हणाला. म्हणून सकाळी ती लॅपटॉप घेऊन राजारामपुरीतल्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथे नेट झटक्यात लागलं. दुकानदार म्हणाला, “ताई, मशीन एकदम ठणठणीत हाय. घरचं नेट बघा.” नेटवाल्यांच्या तक्रारीच्या फोनवर उत्तर मिळालं, “लाईन चालू दाखवतीय मॅडम. संध्याकाळी सगळे नेट वापरतात, लोड येत असेल.” कंपनीच्या लोकांनी पुण्यात बसून तिचा लॅपटॉप तपासला. तेही दुपारी, आणि दुपारी तो अगदी नीट चालत होता.

“रोज संध्याकाळीच कसं बिघडतं, आदिती?” मधुवंती मॅडमनी विचारलं. त्यांच्या आवाजात रागापेक्षा शंका जास्त होती. आदितीला ती जास्त लागली.

अप्पा हे सगळं बघत होते. पहिल्या दोन दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं होतं की आपण धरला तो रस्ता चुकला. ती पानावर तर बसली नाहीच, वर गच्चीत थंडीत कुडकुडत बसू लागली. आदर्शला फोन करून ते काढून टाकायला सांगावं, असं त्यांच्या मनात रोज यायचं. पण फोन केला की आदर्श येणार, घरात बोलणं होणार, सुनेला कळणार. म्हणून ते उद्यावर ढकलत गेले. एखादी चूक आपण होऊन सांगितली तर ती छोटीच असते. झाकून ठेवली की ती वाढते, हे अप्पांसारख्या अनुभवी माणसाला कळत नव्हतं असं थोडंच आहे?

आदितीने तक्रार लावून धरली. शेवटी एका दुपारी आदर्शच फाटकाशी आला. आदिती आत कामात होती. अप्पांनी त्याला बघितलं आणि ते लगबगीने पुढे झाले.

“तक्रार आलीय अप्पा. संध्याकाळी एका लॅपटॉपला नेट लागत न्हाय म्हणं.”

“लागलं, लागलं. आता चालू झालंय,” अप्पा म्हणाले. “जावा तुम्ही.”

“मग ते नातीचं सेटिंग...”

“ते ऱ्हाऊ दे तसंच.”

आदर्श गाडी वळवून गेला. अप्पा फाटकाला कडी घालून आत वळले. पहिल्या वेळी त्यांनी जे केलं ते एकटेपणापायी केलं, असं कुणी म्हणू शकेल. पण त्या दुपारी जे केलं ते फक्त स्वतःला वाचवण्यासाठी होतं!

नवीन वर्ष उजाडायच्या आधीच मधुवंती मॅडमचा फोन आला. बोलणं थोडक्यात झालं. घरून काम करणं तुला जमत नाहीये असं दिसतं, तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतोय, लॅपटॉप परत पाठव. आदितीने “हो मॅडम” एवढंच म्हटलं. आदळआपट केली नाही, रडली नाही. लॅपटॉपला कापड गुंडाळलं, खोक्यात घातला आणि कपाटावर ठेवला.

त्या संध्याकाळी ती वेळेवर स्वयंपाकघरात आली. दोन पानं मांडली. दिवस मावळायच्या आत सासरा-सून समोरासमोर जेवायला बसले. अप्पांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

पण ती बोलत नव्हती. अप्पांनी दुकानातला एक किस्सा काढला. ती “हो” म्हणाली. भाजी छान झालीय म्हणाले. ती “हो” म्हणाली. मग तेही गप्प झाले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तसंच. अप्पा अर्धी भाकरी पानातच ठेवून उठू लागले.

अशात शिरोळहून त्यांची थोरली बहीण आली. अक्काताई तिचं नाव, अप्पा तिला आक्का म्हणत. कोल्हापुरात डोळा दाखवायचा होता, म्हणून ती चार दिवस राहायला आली. अप्पांना ‘पारिसा’ म्हणून हाक मारणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. बाई फटकळ, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पण तिची नजर बारीक होती. आल्या दिवशीच तिने आदितीकडे निरखून बघितलं, दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीत जाऊन बराच वेळ बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-बहीण बस्तीतून दर्शन घेऊन बाहेर आले. पायरीवर कोवळं ऊन होतं. अक्काताई खाली बसली आणि म्हणाली, “बस पारिसा. पोरगी वाळून काटकी झालीया. तुझ्या ध्यानात आलंय का न्हाय?”

“काम गेलं तिचं. वाईट वाटतंय तिला.”

“काम गेलं कशानं?”

“नेट लागत न्हवतं.” अप्पा खाली बघत म्हणाले.

अक्काताई नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी आंबे चोरून आणले की ती अशीच बघायची. आत देवाचं दर्शन घेऊन नुकतेच आलेले अप्पा त्या नजरेपुढे टिकले नाहीत. त्यांनी सगळं सांगून टाकलं. आदर्शला काय सांगितलं ते, फाटकातून त्याला परत कसं पाठवलं तेही.

“आक्का, मी काय वाईट मनानं केलं न्हाय,” ते शेवटी म्हणाले. “दिवस मावळायच्या आत जेवणं ही आपल्या घराची रीत हाय. ती मोडायला लागली होती.”

“कोण मोडायला लागलं होतं?” अक्काताईचा आवाज चढला. येणारी-जाणारी माणसं वळून बघू लागली, पण तिला त्याची पर्वा नव्हती. “तुला ठाऊक हाय ती पोरगी काय करत होती? बैठकीआधी कामातनं सवड न्हाय, आन् बैठक संपंपतोर अंधार पडायचा. म्हणून ती रातच्याला तोंडात घास घालत न्हवती! उपाशी झोपत होती, पारिसा! कालच इचारलं मी तिला. म्हणाली, घरात मामा पाळत्यात, मग मी कशी मोडू?”

अप्पा पायरीवर बसल्या बसल्या सुन्न झाले. उपाशी! ज्या मुलीने रीत मोडली असं ते मनात घोकत होते, ती मुलगी त्याच रीतीसाठी रोज उपाशी झोपत होती! आणि एका घरात राहून त्यांना ते कळलं नव्हतं!

“आनी अनेकांत?” अक्काताई थांबायला तयार नव्हती. “त्यो दुकानात डबा खातोय. कवा कवा दिवस बुडल्यावर खातोय. मग त्याच्या दुकानाचं शटर ओढलंस का तू? न्हाय न्हवं? का? तर ते पोराचं काम हाय. आन् सुनेचं काम म्हंजे काय खेळ? घरात बसून केलं म्हणून काय त्ये काम न्हवं?”

“माझं चुकलं आक्का.”

“तुझं आत्ता न्हाय चुकलं. लई जुनं चुकलंय. पद्मावतीला बालवाडीवर शिकवायला बोलावणं आलतं, आठवतंय? तू म्हणालास, संध्याकाळी चुलीपाशी कोण बसणार? ती गप बसली. आपल्याला वाटलं, राजी हाय.” अक्काताईचा आवाज एकदम खाली आला. “मीबी तवा तुझीच बाजू घेतली रं. तिला म्हणाले, बाईच्या जातीला काय करायची नोकरी. मेली बिचारी, पर परत कवा त्ये नाव काढलं न्हाय तिनं. आता तिला कुठं जाऊन सांगणार, माझं चुकलं म्हणून?”

अप्पांनी तिला हात देऊन उठवलं आणि दोघं घराकडे निघाले.

घरी आल्यावर अप्पा थेट स्वयंपाकघरात गेले. आदिती गवार निवडत होती. ते तिच्यासमोर पाटावर बसले आणि एका दमात सगळं बोलले. मधे कुठे सारवासारव केली नाही, शेवटी हात जोडून माफी मागितली.

आदितीच्या हातातली गवार हातातच राहिली. मग तिने एकच विचारलं, “त्या दिवशी आदर्श आले होते... त्यांना तुम्हीच परत पाठवलंत, मामा?”

“व्हय.”

ती खिडकीकडे बघत बोलू लागली. “मी त्या मशीनला दोष दिला. नेटवाल्यांना दिला. शेवटी स्वतःला देत होते. मला वाटलं, आपल्यालाच जमत नाही. एवढी वर्षं घरात बसलो, आपल्याला आता काही येत नाही. रात्र रात्र हेच मनात घोळायचं. आणि तुम्ही आदर्शना काय सांगितलंत? नात आहे म्हणून? म्हणजे मी लहान पोर, मला न विचारता माझं बंद करायचं?”

अप्पा निवडलेली गवार उगाच चाळवू लागले.

“वेळ का बदलली होती ते तरी विचारायचं होतं,” ती म्हणाली. “थंडीत विलायतेतली घड्याळं तासभर मागं करतात, म्हणून त्यांची तीच वेळ आपल्याकडं तासभर पुढं जाते. मार्च संपला की ती परत पुढं होतात. बैठक आपोआप साडेचारवर येणार होती, मामा. पाचच महिन्यांचा प्रश्न होता. तुम्ही म्हणाला असता, मला एकट्याला जेवण जात नाही, तर मी मॅडमना विचारून काहीतरी वाट काढली असती. नसती निघाली, तर निदान आपण दोघांनी मिळून ठरवलं असतं.”

विचारायचं होतं! एवढीच गोष्ट! एक प्रश्न विचारला असता, तर या घरातलं एक माणूस स्वतःवरचा विश्वास गमावून बसलं नसतं.

त्याच दुपारी अप्पांनी, आदितीला विचारून, मधुवंती मॅडमना फोन लावला. दुकानदारीत कधी कुणापुढे मान न झुकवलेल्या माणसाने अनोळखी बाईंना आपली करणी सांगितली. मॅडम म्हणाल्या, “काका, तिची जागा भरली गेली हो. आता माझ्या हातात नाही. तुमच्या सुनेनं एकदाही घरच्यांकडे बोट दाखवलं नाही. मी मात्र तिला खोटी समजले. तिला सांगा, मला वाईट वाटतंय.”

संध्याकाळी अनेकांतला कळलं तेव्हा तो वडिलांवर भडकला. पण बोलता बोलता मधेच थांबला. “अप्पा, मी तरी काय केलं? खोट तुझ्याच लॅपटॉपमध्ये हाय, असं म्हणून मोकळा झालो. परत एकदाही लवकर घरी येऊन बघितलं नाही.” तो बायकोकडे बघत होता. आदितीने त्याचं बोलणं ऐकून घेतलं. “राहू दे आता” असं मात्र ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी आदर्शला बोलावून ते सेटिंग काढायला लावलं. नेट मोकळं झालं, पण जोडायला घरात लॅपटॉप नव्हता. सकाळीच तो कुरिअरने पुण्याला गेला होता.

चैत्रात आदितीला दुसरं काम मिळालं, ताराबाई पार्कातल्या एका कार्यालयात. पगार कमी, काम साधं, आणि रोज जाऊन-येऊन करायचं. “घरून नको,” ती अनेकांतला म्हणाली, आणि का नको हे कुणी तिला विचारलं नाही. ती घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. दुपारचा डबा ती दोन भागांत नेते, दिवस असेतोवर कार्यालयातच दुसरा भाग खाते. अप्पा कुकर लावायला शिकले आहेत. मुगाची आमटी बरी जमते, भाकरी अजून फाटते. आपलं पान आपण वाढून घेतात, जेवतात, ताट घासून पालथं घालतात. सून त्यांच्याशी नीट वागते. औषधाची आठवण करते, सणाला पाया पडते. पण आपल्या कामातलं काही ती त्यांना सांगत नाही. अप्पा विचारतात, “आज काय काम झालं?” ती म्हणते, “झालं रोजचंच,” आणि आत जाते. हे असंच राहणार की कधी बदलणार, ते त्यांना ठाऊक नाही. तक्रार करायचा हक्क आपल्याला नाही, हे मात्र ठाऊक आहे.

परवा सकाळी रंकाळ्यावर फिरून अप्पा बाकावर टेकले होते. शेजारी ओळखीचे एक गृहस्थ बसले होते. ते वैतागून सांगू लागले, “आमची सून बघा अप्पा, दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढं. घरात पावणं आलं तरी उठत न्हाय. काम हाय म्हणती. एक दिवस वायरच काढून ठेवतो बघा!”

“काय काम करती ती?” अप्पांनी विचारलं.

“ते काय आपल्याला कळतंय?”

“कुठल्या कंपनीत हाय?”

“नाव काय ध्यानात ऱ्हात न्हाय बघा.”

“वेळ काय तिच्या कामाची?”

“त्येबी कधी इचारलं न्हाय,” गृहस्थ म्हणाले.

“मग असं करा,” अप्पा त्यांचा हात धरून म्हणाले, “आत्ता घरला जावा आन् तिला एवढं इचारा. वायरीला हात लावायच्या आधी इचारा. माझ्याकडनं ते झालं न्हाय, म्हणून सांगतोय तुमास्नी.”

वाचकहो, घरातल्या बाईने दारातून बाहेर पडून केलं तर ते काम, आणि दाराच्या आत बसून केलं तर तो वेळ घालवणं, असा हिशोब आपल्या किती घरांत अजून चालतो! मुलाच्या कामाची वेळ आपण पाठ करतो, सुनेच्या कामाचं नावही विचारत नाही. घराची रीत सांभाळायची ती सगळ्यांनी मिळून. एकीच्या वाटेत गुपचूप अडसर घालून ती सांभाळता येत नाही. आणि असा अडसर घालणारा दरवेळी दुष्टच असतो असं नाही. बऱ्याचदा तो घरातलाच, प्रेमाचा, सरळ मनाचा माणूस असतो. त्याने बोलायच्या जागी मुकाट्याने काही करून टाकलेलं असतं, एवढंच. अप्पांनी माफी मागितली, आणि ती मागायलाच हवी होती. पण माफीने आदितीचं काम परत आलं नाही. म्हणून माफी मागायची वेळ येण्याआधीच आपल्या माणसाशेजारी जाऊन बसावं आणि विचारावं, “बाळ, तुझं काम काय आहे? त्यात मी काय करू?”